फ्रीझा, फादर की योहान : तीन जुन्या ॲनिमे मालिकांमधून एक निवडताना

जुनी, लांबलचक ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, मालिका पाहायला घ्यायची आहे, पण हाताशी वेळ एकाच मालिकेपुरता आहे, तर आधी कोणती पाहावी, असे धाकटी भावंडे आणि कार्यालयातले सहकारी मला नेहमी विचारतात. उत्तर देताना मी नायकापासून सुरुवात करत नाही. या मालिकांचे नायक स्वभावाने एकमेकांच्या बरेच जवळचे असतात. कष्टाळू, जिवाला जीव देणारे, हार न मानणारे. मालिकांमधला फरक कळतो तो त्यांच्यासमोर कोण उभे ठाकले आहे यावरून, आणि त्याहूनही अधिक, त्या खलनायकाला निरोप देताना मालिका त्याच्याशी कशी वागते यावरून. 'ड्रॅगन बॉल झी', 'फुलमेटल अल्केमिस्ट : ब्रदरहुड' आणि 'मॉन्स्टर' या तीन मालिकांची तुलना मी इथे याच कसोटीवर करणार आहे. फ्रीझा, फादर आणि योहान हे अनुक्रमे त्यांचे खलनायक. त्यासाठी पहिल्या दोन मालिकांमधल्या खलनायकांचे शेवट सांगावे लागले आहेत. तिसरीचा शेवट मुद्दाम राखून ठेवला आहे.

खलनायकाकडे लक्ष देण्याची सवय माझ्या पिढीला दूरदर्शनने लावली. निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ साली केलेली मोगलीची मालिका १९९३च्या सुमारास हिंदीत दाखवली जाऊ लागली, तेव्हा ती जपानी आहे हे आमच्यापैकी फारसे कोणाला ठाऊक नव्हते. पण शेरखानच्या तोंडून नाना पाटेकरांचा आवाज आला, की हातातला घास हातात राहत असे. पुढे केबलवर कार्टून नेटवर्कने 'ड्रॅगन बॉल झी' हिंदीत आणली, तोवर आम्ही नायकाइतकीच खलनायकाचीही वाट पाहायला शिकलो होतो.

आधी लांबीचा व्यवहारी मुद्दा. तोएई ॲनिमेशनची 'ड्रॅगन बॉल झी' एप्रिल १९८९ ते जानेवारी १९९६ या काळात फुजी टीव्हीवर चालली आणि तिचे २९१ भाग झाले. बोन्स या स्टुडिओची 'ब्रदरहुड' २००९-१० मध्ये ६४ भागांत आटोपली. मॅडहाउसची 'मॉन्स्टर' एप्रिल २००४ ते सप्टेंबर २००५ या दीड वर्षात ७४ भागांची झाली. एक भाग २४ मिनिटांचा धरला, तर हा हिशेब अनुक्रमे ११६, २६ आणि ३० तासांच्या आसपास जातो. पहिल्या मालिकेचा आकडा घाबरवणारा आहे, पण त्यावर एक उपाय आहे आणि तो पुढे सांगतो.

फ्रीझाकडे वळतो, कारण माझे मन अजूनही सगळ्यात आधी त्याच्याकडेच धावते. अकिरा तोरियामा यांनी रंगवलेला हा खलनायक दिसायला लहानखुरा आहे, सुरुवातीला एका तरंगत्या आसनात बसून फिरतो आणि मूळ जपानीत अत्यंत अदबीने बोलतो. ज्यांनी निळू फुले यांचा पाटील पाहिला आहे, त्यांना या अदबीतली दहशत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. आवाज जितका खाली, तितका समोरच्याच्या पोटात गोळा मोठा. फ्रीझाचा धंदा ग्रहांवरची माणसे मारून ते ग्रह विकण्याचा आहे. जपानमध्ये जमिनींचे भाव आकाशाला भिडले होते, त्या काळातल्या जमिनीच्या सट्टेबाजांवरून हे पात्र सुचल्याचे तोरियामा यांनी सांगितले होते. हे कळल्यावर नामेक ग्रहावरच्या वस्त्या एकामागून एक रिकाम्या होतात ते प्रसंग मला अधिकच अस्वस्थ करू लागले. तिथे फ्रीझाला कोणाचाही राग आलेला नसतो. त्याला इच्छा पूर्ण करणारे ड्रॅगन बॉल हवे असतात आणि गावकरी मधे येतात, इतकेच.

या पर्वातला सर्वांत मोलाचा प्रसंग माझ्या मते लढाईचा नाही. वेजिटा, जो तोपर्यंत स्वतःच एक निर्दय खलनायक होता, फ्रीझाच्या एका बोटातून सुटलेल्या किरणाने छाती भेदली जाऊन कोसळतो, आणि मरता मरता मालिकेचा नायक गोकू याला सांगतो की आपला ग्रह आणि आपली माणसे फ्रीझानेच संपवली. तो हे रडत सांगतो. ज्याच्या मग्रूरीचा आपण कित्येक भाग तिरस्कार केला, तोच धुळीत पडून ज्याच्याशी त्याचे वैर आहे त्याच्याकडे सूड मागतो, आणि गोकू त्याला स्वतःच्या हातांनी माती देतो. मित्र क्रिलिनच्या मृत्यूनंतर ९५व्या भागात गोकूला नवी शक्ती येते आणि त्याचे केस सोनेरी होतात. आमच्या गावात तेव्हा भारनियमन होते आणि तो भाग मला दिसला नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत मित्राने वहीच्या मागच्या पानावर पिवळ्या स्केचपेनाने ते केस काढून दाखवले. पुढे मी तो भाग अनेकदा पाहिला, पण मनात पहिले चित्र आजही त्या वहीतलेच आहे.

मात्र फ्रीझाच्या शेवटाबाबत मालिका कमी पडते, हे मला मान्य करावे लागते. स्वतःच सोडलेल्या चकतीने त्याचे शरीर कापले जाते, तो जिवाची भीक मागतो, गोकू त्याला थोडी शक्ती देतो आणि तो पाठ फिरवलेल्या गोकूवर वार करतो. इथपर्यंत सगळे अगदी चोख आहे: दया मिळाली तरी ती पचवता न येणारा माणूस आपण पाहतो. पण लगेच पुढे तो यंत्रांनी जोडलेल्या देहानिशी पृथ्वीवर परत येतो आणि भविष्यातून आलेला ट्रंक्स त्याला तलवारीने सहज कापून काढतो. नंतरच्या मालिकेत तो पुन्हा जिवंत होतो. इतक्या मोठ्या खलनायकाला असे परत परत आणल्याने नामेकवरच्या त्या क्षणाची किंमत उतरली, अशी माझी तक्रार आहे. सेल आणि माजिन बू या पुढच्या खलनायकांबद्दल थोडक्यात एवढेच म्हणतो, की सेलच्या पर्वाचे वजन सेलवर नसून गोकूचा मुलगा गोहान याच्यावर आहे, आणि बूच्या पर्वापर्यंत मालिका थकलेली दिसते.

आता उपाय. मूळ चित्रकथा 'शोनेन जंप'मध्ये दर आठवड्याला प्रसिद्ध होत असे आणि मालिका तिच्या इतकी मागोमाग चालत होती, की कथा पुढे निघून जाऊ नये म्हणून प्रसंग ताणावे लागले. नामेक पाच मिनिटांत फुटणार असे फ्रीझा सांगतो आणि ती पाच मिनिटे कित्येक भाग संपत नाहीत. २००९ साली तोएईनेच ही पाणी घातलेली दृश्ये काढून 'ड्रॅगन बॉल काई' आणली, जी ९७ भागांत सेलच्या पर्वाच्या शेवटापर्यंत पोहोचते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने तीच पाहावी, असे मी निःसंकोच सुचवतो.

'फुलमेटल अल्केमिस्ट' हिरोमु अराकावा यांच्या चित्रकथेवर आधारित आहे. त्या होक्काइदोमधल्या गोपालक कुटुंबात वाढल्या, आणि काहीही मिळवायचे तर तेवढ्याच मोलाचे काही द्यावे लागते, हा मालिकेचा मूळ नियम मला नेहमी कष्टकऱ्याच्या घरातून आलेला वाटतो. या कथेतले सगळे खलनायक तो नियम चुकवू पाहणारे लोक आहेत. त्यातला पहिला, शौ टकर, 'ब्रदरहुड'च्या चौथ्याच भागात भेटतो. सरकारी किमयागाराचे पद टिकवण्यासाठी तो आपली लहान मुलगी नीना आणि तिचा कुत्रा यांना एकत्र करून एक बोलणारा प्राणी तयार करतो. तो प्राणी मालिकेचा नायक एडवर्ड याला अडखळत हाक मारतो, टकरने बोलणारा पहिला प्राणी केव्हा दाखवला होता आणि त्याची बायको केव्हा दिसेनाशी झाली हे एडवर्ड विचारतो, आणि पाहणाऱ्याला दोन्ही उत्तरे एकाच क्षणी कळतात. टकरकडे ना सैन्य आहे ना अचाट शक्ती, तरीही ॲनिमे पाहणाऱ्यांचा इतका तळतळाट क्वचितच दुसऱ्या कोणा पात्राने घेतला असेल.

मुख्य खलनायक फादर याच्यापेक्षा त्याने स्वतःतून काढलेली सात पापांची सात रूपे मला अधिक जिवंत वाटतात. त्यांतल्या एन्व्हीचा शेवट हा माझ्या पाहण्यातला सर्वोत्तम शेवट आहे. एन्व्हीने ह्यूज या लष्करी अधिकाऱ्याला मारले आहे, आणि ह्यूजचा जिवलग मित्र, आगीवर हुकमत असलेला मस्टँग, एन्व्हीला जाळत सुटला आहे. डोळे, जीभ, पुन्हा डोळे. आपणही मनातून मस्टँगच्या बाजूने असतो, कारण ह्यूजच्या दफनाच्या वेळी बाबांना का पुरता, त्यांना अजून खूप काम आहे, असे विचारणारी त्याची मुलगी आपण विसरलेलो नसतो. पण हॉकाय आपल्याच अधिकाऱ्यावर पिस्तूल रोखते, एडवर्ड आणि पूर्वीचा शत्रू स्कारही आडवे येतात, आणि एन्व्हीचा उरतो तो तळहाताएवढा हिरवा जीव. तो त्यांना जुनी वैरे आठवून देतो, आपसांत भिडवू पाहतो. एडवर्ड त्याला शांतपणे म्हणतो, की तुला माणसांचा हेवा वाटतो. ज्याचे नावच हेवा आहे, त्याला आयुष्यात प्रथमच कोणीतरी ओळखलेले असते, आणि ते सहन न होऊन तो आपला प्राण असलेला परीस स्वतःच उपटून काढतो.

फादरचा शेवट याच चालीवर बेतलेला आहे. कुपीतल्या इवल्याशा जिवापासून सुरुवात करून देवालाच गिळू पाहणारा हा प्राणी अखेरीस सत्याच्या दारासमोर पुन्हा तेवढाच लहान होऊन उभा राहतो, आपले काय चुकले ते विचारतो आणि आत ओढला जातो. शेवट न्याय्य आहे, मांडणीही देखणी आहे. पण फादर इतका काळ सिंहासनावर निश्चल बसून असतो, की त्याच्यासाठी मनात कालवाकालव होत नाही. 'ब्रदरहुड'चा दुसरा दोष आरंभी आहे. २००३च्या ५१ भागांच्या मालिकेत जे प्रसंग सावकाश आले होते, ते इथे घाईने उरकले आहेत. ह्यूज त्या मालिकेत २५व्या भागापर्यंत आपल्यासोबत असतो, इथे दहाव्याच भागात जातो. ज्याला वेळ आहे त्याने जुन्या मालिकेचे ते २५ भाग आधी पाहावेत आणि मग 'ब्रदरहुड' घ्यावी. मस्टँगचा सूड तेव्हा दुप्पट जड वाटतो.

'मॉन्स्टर'चे जग पूर्णपणे वेगळे आहे. नाओकी उरासावा यांची ही कथा जर्मनीत घडते. इथे ना जादू आहे ना शक्तीची चढाओढ. १९८६ साली ड्युसेलडॉर्फमधल्या एका रुग्णालयात डोक्यात गोळी लागलेला मुलगा आणि शहराचा महापौर एकाच रात्री येतात. याआधी वरिष्ठांच्या सांगण्यावरून एका नामवंत गायकाची शस्त्रक्रिया आधी केल्याने एक तुर्की मजूर दगावलेला असतो आणि त्याच्या पत्नीने डॉक्टर तेन्माला जाब विचारलेला असतो. म्हणून या खेपेस तेन्मा आधी आलेल्या मुलाला वाचवतो. महापौर मरतो, तेन्माचे पद जाते, ठरलेले लग्न मोडते. त्या रात्री बेशुद्ध मुलाच्या खाटेशेजारी तो मनातली सगळी जळजळ ओकतो, वरिष्ठांच्या मरणाची भाषा करतो. मुलगा ते ऐकत असतो.

नऊ वर्षांनी, चौथ्या भागात, एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत तो मुलगा, म्हणजे योहान, तेन्माच्या डोळ्यांदेखत एका माणसाला गोळी घालतो आणि आपण तुमच्याच इच्छा पुऱ्या केल्या हे त्याला सौम्यपणे सांगतो. त्याचा चेहरा सुंदर आहे, आवाज कधीच चढत नाही, आणि डॉक्टरांविषयीची त्याची कृतज्ञता खरी आहे. फ्रीझाची अदब ही सत्तेची अदब होती. योहानच्या सौजन्यामागे काय आहे, हे शोधण्यातच तेन्माची आणि आपली पुढची वर्षे जातात. मध्ये दहा-दहा भाग योहान जवळपास दिसतच नाही. त्याच्या वाटेत आलेली माणसे दिसतात, त्याने त्यांच्यात जागवलेले काहीतरी दिसते, आणि तो नसतानाही दृश्यात त्याचा वावर जाणवत राहतो. ज्यांना दर भागात कथा झपाट्याने पुढे जायला हवी असते, त्यांचा हा मधला भाग अंत पाहील. शिवाय लहान मुलांवर झालेल्या क्रौर्याचे संदर्भ वारंवार येत असल्याने ही मालिका मुलांसोबत पाहण्यासारखी नाही.

'डेथ नोट' आणि 'नारुतो' का नाहीत, असे कोणी विचारेल. ३७ भागांच्या 'डेथ नोट'मध्ये नायकच खलनायक आहे, त्यामुळे ती या तुलनेत बसत नाही. शिवाय २५व्या भागात नायकाचा माग काढणारा एल गेल्यानंतर तिची धार बोथट होते. 'नारुतो'मधला खलनायक पेन मला मनापासून आवडतो, पण त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी पहिल्या मालिकेचे २२० भाग आणि 'शिप्पुदेन'चे दीडशेहून अधिक भाग पाहावे लागतात, आणि हाताशी मोजका वेळ असलेल्याला तो मार्ग मी सुचवणार नाही.

दहा-बारा वर्षांच्या मुलासोबत बसून पाहायचे असेल, किंवा लहानपणी अर्धवट राहिलेली गोष्ट पुरी करायची असेल, तर 'काई' घ्यावी आणि घाई असल्यास नामेकच्या शेवटाशी थांबावे. फ्रीझाचा तिथला शेवट हाच त्याचा शेवट मानावा, मी तसेच मानतो. घरातल्या थोरल्या मुलांसह सगळ्यांना बांधून ठेवणारी, वेळेत संपणारी आणि खलनायकालाही समजून घेणारी मालिका हवी असेल, तर 'ब्रदरहुड' निवडावी. आयुष्यात एकच ॲनिमे पाहणार असे म्हणणाऱ्या माणसालाही मी तीच सुचवतो, जरी माझे स्वतःचे पहिले प्रेम फ्रीझावर असले तरी.

'मॉन्स्टर' मात्र वयाची तिशी ओलांडलेल्या, एकट्याने रात्री पाहणाऱ्या माणसासाठी राखून ठेवावी. तिचा शेवट मी सांगितला नाही, कारण त्या मुलाला वाचवले ते बरोबर होते का, हा पहिल्या भागातला प्रश्न शेवटच्या दृश्यापर्यंत उघडा राहतो आणि प्रत्येकाने आपले उत्तर घेऊनच तिथे पोहोचायला हवे. पहिले चार भाग एका बैठकीत पाहावेत आणि मग एक दिवस थांबावे. त्या दिवसात खाटेशेजारच्या तेन्माचे बोलणे आठवत राहिले, तर उरलेले ७० भागही पाहून होतील.