भोग म्हणायचं, की ‘तरी तो आपलाच’?

मे-जूनच्या वादळात रावेरकडची केळी मोडते ती नेमकी निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली. वर घडाचं वजन, खाली पाणीदार खोड. देव चांगला, तर हे असं का, यावर अशा बांधावर दोन बोलणी हमखास ऐकू येतात.

एक, ‘मागचे भोग’. यात देवाचा चांगुलपणा शाबूत राहतो, पण दोष आडव्या बागेपुढं उभ्या असलेल्या माणसाच्या माथी येतो. लेकरू गेलेल्या आईला हे सांगायला माझी तरी जीभ रेटत नाही.

दुसरं, ‘का ते कळत नाही, तरी तो आपलाच’. उत्तर यातही नाही, हे उघडच. पण रडायला, देवाशी भांडायला इथं जागा आहे. तापीकाठी मेहूणला मुक्ताई १२९७ साली कडाडत्या विजेत लोपली, असं परंपरा सांगते. वारकरी त्या आभाळाला बोल लावत बसले नाहीत. आषाढीला मुक्ताईनगरहून तिची पालखी पंढरपूरला नेतात. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) तरुणपणीच विधवा झाल्या. त्यांच्या ओव्यांत दुःख आहे, नि मातीतून उगवणारा देवही आहे.

पहिल्या बोलण्यानं माणूस लवकर गप्प होतो, एवढं खरं. दुसरं बोलणारा शेजारी मात्र बहुतेकदा कोयता घेऊनच येतो, केळीचे मोडलेले खांब कापू लागायला.