‘अस्सल ग्रामजीवन’ सहल: पावतीवरचे आणि ढाणीतले

गेल्या डिसेंबरात धुळ्यातल्या एका सहल-संयोजकाकडून आम्ही ‘थरचे अस्सल ग्रामजीवन’ या नावाची पाच दिवसांची सहल घेतली. जोधपूर ते जोधपूर, माणशी 16,500 रुपये. पहिल्या दोन रात्री जैसलमेरच्या नैर्ऋत्येला असलेल्या खुरी गावाजवळच्या एका ढाणीत, तिसरी जैसलमेर शहरात आणि चौथी समच्या वाळूच्या टेकड्यांजवळच्या तंबूत, असा बेत होता. मी, माझी पत्नी आणि एकाहत्तर वर्षांची आई असे आम्ही तिघे होतो. आईला अहिराणीखेरीज दुसरी भाषा मोकळेपणाने बोलता येत नाही, हे आधीच सांगितलेले बरे, कारण सहलीतला सर्वांत चांगला भाग तिच्यामुळेच आमच्या वाट्याला आला.

धुळ्याहून साक्री-नवापूरमार्गे सुरत आणि तेथून रात्रीच्या गाडीने जोधपूर हा प्रवास आम्ही आमच्या खर्चाने केला. पुढची जोधपूर ते खुरी ही सुमारे 300 किलोमीटरची वाट संयोजकाच्या गाडीने पार पडली. गाडी स्वच्छ होती आणि चालकही सभ्य होता, मात्र जेवणासाठी तो थांबवील ते उपाहारगृह आणि खरेदीसाठी थांबवील ते दुकान आधीच ठरलेले होते. याबद्दल फार तक्रार करण्यात अर्थ नाही, शिर्डी-शनिशिंगणापूरच्या वाटेवरही हेच चालते.

ढाणी म्हणजे शेताच्या आसऱ्याने वसलेली चार-सहा घरांची वस्ती. आमचे यजमान भाटी राजपूत, म्हणजे 1156 साली जैसलमेर वसवणाऱ्या रावळ जैसलच्या कुळातले, आणि हे त्यांनी पहिल्या चहाबरोबरच आम्हाला सांगितले. गोल भिंतींच्या, वर गवताचे शाकारलेले छप्पर असलेल्या दोन झोपड्या पाहुण्यांसाठी होत्या. आत शेणमातीने सारवलेली जमीन, गोधड्या आणि जाड रजया. डिसेंबरातली तिथली रात्र आपल्या साक्री-पिंपळनेरच्या थंडीपेक्षाही बोचरी असते, त्यामुळे संयोजकाने सूचनापत्रात ‘हलके उबदार कपडे’ असे का लिहिले, ते मला कळले नाही. शौचालय वेगळे आणि स्वच्छ होते, पण ते झोपडीपासून साठ-सत्तर पावलांवर होते. वयस्कर माणसांना बरोबर नेणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावे.

पाण्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. अंगणाच्या कडेला जमिनीत बांधलेला टांका होता. भोवतालची जमीन त्याच्याकडे उतरती करून चोपून घेतलेली असते आणि पावसाळ्यात तिच्यावर पडलेले पाणी टांक्यात उतरते. त्या उतरत्या जमिनीला आगोर म्हणतात आणि तिच्यावर कोणी चपला घालून जात नाही. टांक्याच्या झाकणाला कुलूप होते. जैसलमेरच्या या टापूत वर्षभरात जेमतेम 200 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही पडला तर. पहिल्या सकाळी आईने तांब्याभर पाणी घेऊन सवयीप्रमाणे चूळ भरली आणि उरलेले अंगणात फेकले. घरच्या बाई काहीच बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने आईच्या लक्षात आले की, भाजी धुतलेले पाणी एका घमेल्यात जमा होते आणि ते शेळ्यांपुढे जाते, तर खरकटी भांडी वाळू-राखेने कोरडीच घासून ठेवली जातात. दुसऱ्या दिवशी तिने चूळ त्याच घमेल्याच्या शेजारी असलेल्या कढीपत्त्याच्या झाडाच्या बुंध्याशी भरली. ‘तूप सांडले तर काही जात नाही, पाणी सांडले तर जीव जळतो’ अशा अर्थाची मारवाडीत म्हण आहे. यजमानांनी ती आम्हाला ऐकवली, पण आई धडा शिकून झाल्यावर, आधी नव्हे. शिंदखेडा-पारोळ्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घरांत वाढलेल्या माणसालाही तिथे पाण्याची शिस्त नव्याने शिकावी लागते.

स्वयंपाकघरात मला प्रवेश नव्हता. घरच्या सुना पाहुण्या पुरुषासमोर घूंघट घेत, त्यामुळे मी ओसरीच्या पलीकडे जाणे त्यांना अडचणीचे होते आणि मी गेलो नाही. संयोजकाच्या पत्रकात ‘कुटुंबासोबत स्वयंपाकाचा अनुभव’ असे छापले आहे. तो अनुभव बायकांना मिळतो, पुरुषांना दारातून येणाऱ्या वासावर समाधान मानावे लागते, आणि त्यात काही वावगे आहे असे मला वाटत नाही. तेथे काय घडले ते मला पत्नीकडून कळले. घरच्या बाई बाजरीचा जाड सोगरा दोन्ही तळव्यांवर फिरवत थापत होत्या, पीठ परातीला टेकतही नव्हते. आईने थोडा वेळ पाहिले, मग पदर खोचून बसली आणि परातीत आपल्या पद्धतीने भाकरी थापून तव्यावर टाकली. “मन्ही पातय शे, तुन्ही जाड शे,” एवढेच ती म्हणाली. त्या बाईंना शब्द कितपत कळले कोण जाणे, पण दोन्ही भाकरी शेजारी-शेजारी धरल्यावर त्या जे हसल्या ते बाहेर ओसरीवर आम्हाला ऐकू आले. तिथून पुढे दोन दिवस त्या आईला ‘माजीसा’ म्हणत राहिल्या आणि आई त्यांना ‘माय’. खान्देशात लेकीच्या वयाच्या बाईलाही माय म्हणतात, हे त्यांना कोणी समजावून सांगितले नाही आणि तशी गरजही पडली नाही.

जेवण साधे आणि उत्तम होते. सोगरा, त्यावर तूप, ताक, लाल मिरचीची लसणाची चटणी आणि केर-सांगरीची भाजी. केर हे काटेरी झुडपाचे बोराएवढे फळ, तर सांगरी म्हणजे खेजडीच्या झाडाच्या शेंगा. दोन्ही सुकवून वर्षभर ठेवतात, आपण गवारीच्या उसऱ्या किंवा बिबडे ठेवतो तसे. तिखटाच्या बाबतीत खान्देशी जिभेला तिथे उपरे वाटत नाही. शेवभाजीवर वाढलेल्या माणसाला थोडी कमतरता भासली तर ती तर्रीचीच.

दुसऱ्या संध्याकाळी एक मांगणियार कलावंत आपल्या मुलाला घेऊन आले. मांगणियार हे मुसलमान. पिढ्यान्‌पिढ्या ते ठरावीक, बहुतेक हिंदू, यजमान घराण्यांकडे जन्म, लग्न अशा प्रसंगी गातात आणि त्या घराण्याची वंशावळ त्यांना तोंडपाठ असते. वडिलांच्या मांडीवर कमायचा होता. लाकडाचे गोल, खोलगट पोट, त्यावर ताणलेले शेळीचे कातडे, आतड्याच्या मुख्य तारा आणि त्यांच्याखाली झंकारणाऱ्या धातूच्या बारीक तारा. गज फिरला की आवाज कानात येण्याआधी छातीत येतो. मुलगा खरताल वाजवत होता, दोन्ही हातांत लाकडाच्या दोन-दोन सुट्या पट्ट्या, त्यांना ना दोरी ना घुंगरू, आणि बोटे इतकी वेगात की पट्ट्या दिसेनाशा होत. कमायच्यासाठी जैसलमेर जिल्ह्यातल्या हमीरा गावचे साकर खान यांना 2012 मध्ये पद्मश्री मिळाली होती. गाण्यापूर्वी त्यांनी यजमानांच्या पूर्वजांची नावे लयीत म्हटली. त्याला शुभराज म्हणतात. ते ऐकताना मला आमच्या गावी वंशावळीची वही घेऊन येणारे भाट आठवले. आजोबांचे आजोबा कोण हे आम्ही त्यांच्याकडूनच ऐकले होते, फरक इतकाच की आमचे भाट वाचत आणि हे गात होते. आणखी एक गोष्ट नजरेतून सुटली नाही. यजमान आणि आम्ही खाटांवर बसलो होतो आणि कलावंत खाली जाजमावर. मी त्यांना वर बसण्याची विनंती केली, तेव्हा अवघडून गेले ते दोघेही, यजमान आणि कलावंत. अशा ठरलेल्या जागा आमच्याही गावात होत्या, त्यामुळे पुढे मी आग्रह केला नाही. आग्रह करायला हवा होता की नको, हे मात्र अजून ठरत नाही.

आता मुख्य तक्रार. आमच्या पावतीवर ‘लोककलावंत मानधन’ अशी स्वतंत्र रक्कम आहे. कार्यक्रम संपल्यावर यजमानांकडून कळले की, संयोजकाकडून कलावंतांना काहीच मिळत नाही. यजमानांचे आणि त्यांचे घराण्याचे नाते आहे, म्हणून ते बोलावल्यावर येतात आणि पाहुणे देतील ते घेतात. आम्ही आमच्या हाताने दिले. धुळ्याला परतल्यावर मी संयोजकाच्या कार्यालयात जाऊन त्या रकमेचा हिशेब विचारला. ‘ते पॅकेजमध्ये धरलेले असते,’ असे उत्तर मिळाले. कोणाच्या पॅकेजमध्ये, असे मी पुन्हा विचारले, तेव्हा साहेब बाहेरगावी असल्याचे सांगण्यात आले. त्याला आता दोन महिने झाले.

तिसऱ्या दिवशीच्या कुलधरा भेटीचीही तीच गत. जैसलमेरच्या पश्चिमेला साधारण 18 किलोमीटरवर असलेले हे पालीवाल ब्राह्मणांचे ओस पडलेले गाव. संयोजकाच्या वाटाड्याने तासभर भुताखेतांच्या आणि शापाच्या गोष्टी सांगितल्या. ज्यासाठी पालीवालांचे नाव घ्यायला हवे, त्या खडीनबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. खडीन आम्हाला आदल्या दिवशी यजमानांनी दाखवले होते. खडकाळ उंचवट्यावरून वाहून येणारे पावसाचे पाणी खालच्या सखल जमिनीत लांब मातीचा बांध घालून अडवायचे, ते जमिनीत मुरू द्यायचे आणि हिवाळ्यात त्या ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा, अशी ही शेती. विहीर नाही की पाट नाही, आणि तरीही आमच्या डोळ्यांसमोर वीतभर हरभरा उभा होता. मी पांझरेच्या काठचा माणूस. नदीवर बंधारे घालून शिवाराचे फड पाडणारी, एका फडात एकच पीक घेणारी आणि पाटकऱ्याच्या हाताने पाणी वाटणारी फड पद्धत मी लहानपणापासून पाहिली आहे, त्यामुळे त्या बांधावर मी आणि यजमान तासभर बोलत उभे होतो. आमच्याकडे भांडण पाण्याच्या पाळीचे असते, त्यांच्याकडे बांध फुटला तर तो कोणी आधी बांधायचा याचे. परतताना त्यांनी ओरण दाखवले, म्हणजे आपल्या देवराईसारखे देवाच्या नावाने राखलेले रान. तिथे शेळ्या-उंट चरतात, पण कुऱ्हाड चालत नाही. हे दोन्ही सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत नाही. जो भाग पत्रिकेत नव्हता तोच पैशाच्या मोलाचा निघाला.

जैसलमेरच्या किल्ल्याबद्दल इथे लिहीत नाही. पिवळ्या दगडाचा तो किल्ला आजही नांदता आहे आणि तो पाहायला कोणाच्या सहलीची गरज नाही.

समची रात्र मात्र टाळता आली असती तर बरे झाले असते. शहरापासून सुमारे 40 किलोमीटरवर तंबूंची रांगच रांग, जिपांची घरघर आणि प्रत्येक तंबूवस्तीच्या मधोमध एक रंगमंच. कालबेलिया या भटक्या गारुडी जमातीतल्या मुली काळे घागरे घालून नाचत होत्या. युनेस्कोने 2010 मध्ये या नृत्य-गाण्यांना मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, हे निवेदकाने दोनदा सांगितले आणि लगेच ध्वनिवर्धकावर चित्रपटाचे गाणे लावले. त्यांचे पुंगीवाले बाजूला हात बांधून उभे होते. पाहुण्यांना मंचावर ओढून नाचवणे, शेजारच्या तंबूतल्या मद्यपींचा गोंधळ आणि रात्री साडेअकरापर्यंत हादरणारे ढोल, यापैकी ग्रामजीवन कशाला म्हणायचे? आई तंबूत कानावर हात ठेवून बसली होती. वाळू मात्र सुंदर आहे. पहाटे, सगळे झोपलेले असताना, ती नीट पाहता येते.

शेवटच्या दिवशी जोधपूरजवळच्या एका बिश्नोई गावी आम्हाला उन्हे कलताना पोहोचवले आणि चाळीस मिनिटांत परत फिरवले. जांभोजींनी 1485 मध्ये स्थापलेल्या या पंथाचे 29 नियम आहेत, आणि 1730 मध्ये खेजडली गावात खेजडीची झाडे वाचवण्यासाठी अमृतादेवींसह 363 जणांनी प्राण दिले. एवढे ज्यांच्या मागे आहे, त्यांच्या अंगणात आम्हाला दाखवले काय, तर अफू गाळून तळहातावर देण्याचा ‘पारंपरिक विधी’. त्या 29 नियमांत अफू वर्ज्य आहे. मी हे वाटाड्याला विचारले, तर पर्यटकांना आवडते, असे तो सरळ म्हणाला. अंगणामागे चार काळवीट निवांत चरत होते, त्यांच्याकडे बोट दाखवण्याचेही त्याला सुचले नाही.

तेव्हा ढाणीतल्या मुक्कामाला पाचपैकी पाच आणि संयोजकाला फार तर दोन गुण, तेही गाडीसाठी आणि ती ढाणी निवडल्याबद्दल. ज्यांना जायचे आहे त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावे, खुरीकडच्या एखाद्या घराशी थेट बोलून किमान तीन रात्री ठरवाव्यात, कलावंतांचे मानधन त्यांच्याच हातात द्यावे आणि घरातल्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. समला जायचेच असेल तर पहाटे जाऊन परत यावे. बरोबर थोडे कळण्याचे, म्हणजे ज्वारी-उडदाचे, पीठ न्या. आईने निघताना आपल्याकडचे उरलेले पीठ तिथे ठेवले आणि बदल्यात पावशेर सांगरी आणली. मागच्या आठवड्यात यजमानांचा फोन आला होता, कळण्याची भाकरी तव्यावर उलटताना मोडते, पाणी किती घालायचे, असे सूनबाई विचारत होत्या. आईने फोन माझ्या हातातून घेतला आणि अहिराणीतच सांगायला सुरुवात केली.