कार्डासकट ठेवाव्यात की सोडवाव्यात : गोव्याच्या हवेत छोट्या डायकास्ट गाड्या

पहिल्या वीस-पंचवीस गाड्या जमेपर्यंत हा प्रश्न पडत नाही. टीव्हीशेजारी, पुस्तकांच्या पुढ्यात, कुठेही त्या मावतात. पुढे मात्र जमवणाऱ्याला ठरवावे लागते, की गाडी ज्या पुठ्ठ्याच्या कार्डावर आणि पारदर्शक ब्लिस्टरखाली, म्हणजे प्लास्टिकच्या फुगीर कवचाखाली, मिळाली तशीच अखंड ठेवायची, की कार्ड उघडून तिला मोकळी करायची. छंदातल्या लोकांच्या बोलीत पहिली ‘कार्डेड’ आणि दुसरी ‘लूज’. कोरड्या हवेच्या गावात राहणारा माणूस ही निवड आपल्या आवडीवर आणि पुढच्या विक्रीच्या विचारावर सोडू शकतो. गोव्यात मात्र जून ते सप्टेंबर या चार महिन्यांना विचारल्याशिवाय ती करता येत नाही. म्हणून ज्याने नव्याने सुरुवात केली आहे त्याने मे महिन्यात, घरात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठ्याची, बेगमी चालू असतानाच, याचाही निकाल लावून टाकावा.

येथे विचार केला आहे तो १:६४ च्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या हिश्शाच्या, आसपासच्या, मुठीत मावणाऱ्या डायकास्ट (साच्यात धातू ओतून बनवलेल्या) गाड्यांचा. ‘आसपासच्या’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे, कारण हॉट व्हील्स किंवा मॅचबॉक्सच्या साध्या गाड्या काटेकोर प्रमाणात नसतात. पाकिटात मावेल त्या मापाला त्या बेतलेल्या असतात, त्यामुळे ट्रक आणि छोटी मोटार जवळपास एकाच लांबीची निघते. मिनी जीटीसारख्या ब्रँडच्या गाड्या हे प्रमाण बऱ्यापैकी पाळतात. सुमारे ४.३ मीटर लांबीची आपली अ‍ॅम्बेसेडर १:६४ मध्ये पावणेसात सेंटिमीटरच्या आतबाहेर येईल, एवढे ध्यानात ठेवले की खणांची मापे काढणे सोपे जाते.

गाडी आणि तिचे कार्ड ही दोन अगदी वेगळ्या प्रकृतीची माणसे आहेत असे समजावे. गाडीचे अंग झमाक नावाच्या मिश्रधातूचे असते. त्यात मुख्यतः जस्त, त्याच्या जोडीला सुमारे चार टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि थोडे मॅग्नेशियम व तांबे असते. त्यावर भाजलेल्या रंगाचा थर, खाली बहुधा प्लास्टिकचा तळ आणि चाकांना बारीक पोलादी आस. याउलट कार्ड म्हणजे छापील पुठ्ठा, आणि त्याला केवळ गोंदाच्या कडेने धरून ठेवलेले प्लास्टिक. पहिलीला ओल लागली तर ती वर्षानुवर्षे तग धरते. दुसऱ्याला एक पावसाळा पुरतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आम्ही फोंड्याला पहिल्या मजल्यावर राहतो. काही वर्षांपूर्वी पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या प्लायवुडच्या कपाटात साठेक कार्डेड गाड्या मी एकामागे एक उभ्या रचून ठेवल्या आणि मोठ्या समाधानाने दार लावले. चवथीच्या आधी कपाटाच्या माथ्यावरची माटोळीची (गणपतीवर फळे-पाने टांगायची) चौकट उतरवताना सहज खालचे दार उघडले, तर आधी वास आला, ओल्या वर्तमानपत्राचा येतो तसा. कार्डे उन्हात घातलेल्या पापडासारखी वळली होती. एकाच्या पाठीवरची छपाई मागच्या गाडीच्या ब्लिस्टरला चिकटून सुटली होती. निळ्या कार्डांवर मोहरीएवढे तपकिरी ठिपके पडले होते. एक कार्ड उचलले तर ब्लिस्टर गाडीसकट माझ्या हातात आले आणि पुठ्ठ्याचा वरचा पापुद्रा त्याच्याबरोबर सोलून निघाला. आतली डॅटसन गाडी मात्र दुकानातून आणली त्या दिवशी होती तशीच लखलखीत होती. साठांपैकी एकाही गाडीला काही झालेले नव्हते. मी जपत होतो ते कार्ड, आणि गेले तेही कार्डच.

तुलना करायची तर ओलीपासूनच सुरुवात करावी लागते. पणजीला वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. त्या काळात हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ८५ टक्क्यांच्या वर राहते. कागद हवेतले पाणी शोषतो. आर्द्रता पन्नास टक्के असताना त्याच्या वजनाच्या साधारण सहासात टक्के पाणी त्यात असते आणि हवा अशी गच्च झाली की ते प्रमाण बरेच चढते. छपाईची बाजू वार्निशने बंद आणि मागची बाजू तुलनेने उघडी असल्यामुळे पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजू सारख्या फुगत नाहीत, म्हणून कार्ड वळते. वर बुरशी आणि कसर आहेतच. लूज गाडीच्या बाबतीत यातले काहीच घडत नाही. तिच्यावर परिणाम होतो तो आसांवर, आणि तोही समुद्राकाठी अधिक; मिरामार किंवा बायणा भागातल्या घरात खिडकीजवळ उघड्या ठेवलेल्या गाड्यांच्या आसांना खाऱ्या वाऱ्याने तांबूस गंज धरतो. वाळपई-साखळीकडे पाऊस जास्त, पण खार नाही. शिवणयंत्राच्या तेलाचा टाचणीच्या टोकावर मावेल एवढा थेंब वर्षातून एकदा आसाच्या टोकाला लावला तर तेवढ्याने भागते. थेंब त्याहून मोठा झाला तर तेल प्लास्टिकच्या चाकावर पसरून धूळ धरते.

लूज गाडीला स्वतःचे दोषही आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. धूळ बसते, पाहुण्यांची मुले हात लावतात, छपराच्या कडांचा रंग टवका उडून जातो. महागड्या गाड्यांना रबरासारखे मऊ टायर असतात. ते वर्षानुवर्षे अ‍ॅक्रिलिकच्या किंवा पॉलिस्टायरीनच्या फळीवर टेकून राहिले की टायरातले मऊ करणारे द्रव्य फळीत उतरते आणि दोन्हीकडे चिकट डाग पडतो. फळीवर साधा पांढरा कागद अंथरला तरी हे टळते. साध्या गाड्यांची चाके कडक प्लास्टिकची असल्याने त्यांना ही भीती नाही. ‘झिंक पेस्ट’ (pest, म्हणजे कीड) या नावाने ओळखला जाणारा धातूचा रोग मात्र दोघींनाही सारखाच. ओतकामाच्या वेळी जस्तात शिसे किंवा कथिल मिसळले गेले तर धातू आतून चिरत जातो, रंगाखाली फोड येतात आणि शेवटी अंगाचा भुगा होतो. उष्ण दमट हवा त्याला वेग देते, पण बी कारखान्यातच पडलेले असते. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या खेळण्यांत तो फार आढळतो. जुनी गाडी विकत घेताना भिंगाने बघावे आणि शंका आली तर ती इतरांपासून वेगळी ठेवावी, एवढेच आपल्या हाती आहे.

जागेचा हिशेब कार्डाच्या विरुद्ध जातो. हॉट व्हील्सचे लांब कार्ड साडेसहा इंच उंच आणि सव्वाचार इंच रुंद असते. अशी शंभर कार्डे भिंतीवर मांडायची तर सुमारे १९ चौरस फूट जागा लागते. त्याच शंभर गाड्या सव्वातीन इंच बाय पावणेदोन इंचांच्या खणांत ठेवल्या तर चार चौरस फुटांत आटोपतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला आणि घरच्यांची परवानगी काढावी लागणाऱ्याला हा फरक मोठा आहे.

पैशाची बाजू मात्र सरळसरळ कार्डाची आहे, आणि कार्डाच्या कैवाऱ्यांचा हाच खरा मुद्दा. गाडी एकदा उघडली की विकताना किंमत पडते, बहुतेक वेळा चांगलीच पडते. त्यातही ट्रेझर हंटसारख्या, मुद्दाम कमी संख्येने काढलेल्या गाड्यांचे प्रकरण वेगळे. हॉट व्हील्सने ही मालिका १९९५ मध्ये आणली आणि २००७ पासून तिच्यात चमकदार धातुई रंग व रबरी टायर असलेली ‘सुपर’ आवृत्ती वेगळी काढली. सुपर गाडी लूज असेल तर खरेदीदार शंका घेतो आणि ती रास्त असते, कारण साध्या गाडीला रंग देऊन आणि चाके बदलून ‘सुपर’ बनवणारे लोक आहेत. अखंड ब्लिस्टर ही तेथे खरेपणाची पुष्कळशी, पूर्ण नव्हे, हमी असते. आपल्याकडे आयातही महाग झाली आहे. खेळण्यांवरचे आयातशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले, शिवाय जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. त्यामुळे हुकलेले मॉडेल पुन्हा त्याच भावात मिळेल याची खात्री नसते आणि हातातले कार्ड फाडायला मन धजत नाही. परंतु वळलेल्या, ठिपके पडलेल्या कार्डाला तो भाव कोणी देत नाही, ही गोष्ट किमतीचा हिशेब मांडताना बहुतेक जण विसरतात. खरेदीदार कार्डाचे कोपरे आधी बघतो, गाडी नंतर.

वेष्टनाचा हा मोह नवा नाही. मॅचबॉक्सचे नावच पेटीवरून पडले. लंडनच्या लेस्नी कंपनीतल्या जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काड्यापेटीत मावेल एवढेच खेळणे नेण्याची मुभा होती, त्यातून १९५३ मध्ये मॅचबॉक्स गाड्या आल्या. तेव्हा पेटी सांभाळणारे जुने संग्राहक वेडे होते असे मी म्हणणार नाही. त्यांच्या पेट्या मात्र इकडच्या आषाढात राहिल्या नव्हत्या.

साठवणुकीची साधने तीन. काचेचे कपाट दिसायला सर्वांत देखणे आणि ओलीच्या दृष्टीने सर्वांत दुबळे, कारण दाराच्या फटीतून हवा येतच राहते. त्यात लूज गाड्याच ठेवाव्यात, कपाट बाहेरच्या भिंतीपासून, विशेषतः चिऱ्याच्या भिंतीपासून, चार बोटे पुढे घ्यावे, आणि उन्हाची तिरीप त्यावर पडू देऊ नये. लाल रंग उन्हात सर्वांत आधी उतरतो. डांबराच्या गोळ्या ठेवण्याची घरोघरची सवय येथे टाळावी, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिके मऊ पडतात.

दुसरे साधन म्हणजे रबरी कड असलेला हवाबंद डबा आणि त्यात सिलिका जेल. लोणच्याची बरणी जशी दादरा बांधून ठेवतो तसाच हा प्रकार, आणि नियमही तोच, की आत जाणारी वस्तू आधी कोरडी हवी. ओलसर कार्डे डब्यात बंद केली तर जेल त्या पुठ्ठ्यांतलेच पाणी पिऊन दोनचार दिवसांत दमते आणि पुढचा सगळा पावसाळा डब्यात दमट हवा कोंडून राहते. मे महिन्यातली आपली हवाही काही कोरडी नसते, तेव्हा कार्डे दोनतीन दिवस वातानुकूलित खोलीत सुटी ठेवून मग भरावीत. वीस लिटरच्या डब्यात मी पाव किलो जेल घालतो आणि सोबत शेपाचशे रुपयांचा छोटा आर्द्रतामापक ठेवतो. काटा ४० ते ५० टक्क्यांत असावा. रंग बदलणारे जेल घ्यावे, त्यातही नारिंगी. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचे विषारी क्षार असतात. दमलेले जेल सुमारे १२० अंशांवर दोन तास तापवले की पुन्हा कामाला येते. मात्र ज्या भट्टीत केक भाजतात तीत ते तापवू नये.

तिसरे साधन विजेवर चालणारे, छायाचित्रकार कॅमेरे ठेवतात ते ड्राय कॅबिनेट. महाग आहे, पण कार्डेड गाड्यांसाठी निर्धोक असे मला हेच वाटते. पावसात वीज गेली तरी दार बंद असल्याने काही तास आतल्या हवेत फरक पडत नाही. मधल्या वाटेने जाणारे प्रत्येक कार्डाला पारदर्शक प्लास्टिकचे संरक्षक कवच घालतात. त्याने कोपरे वाचतात आणि धूळ थांबते. ओल थांबत नाही, उलट एकदा आत शिरलेली लवकर बाहेर पडत नाही.

ज्याला थोड्याच गाड्या हव्या आहेत आणि वेष्टनाचा पेच नको आहे त्याने १:४३ चा विचार करावा. त्यांतल्या बहुतेक तळाला स्क्रूने बसवून पारदर्शक झाकणाखालीच येतात, म्हणजे मांडणी आणि वेष्टन एकच. किंमत अर्थातच अनेक पटींनी अधिक.

एवढे पाहिल्यावर माझा कौल असा. दुकानात दोनशेच्या आतबाहेर मिळणाऱ्या साध्या गाड्या गोव्यात राहणाऱ्याने निःशंकपणे उघडाव्यात. पुढे विकण्याच्या हेतूनेच घेतलेल्या, किंवा सुपर ट्रेझर हंटसारख्या, ज्यांची ओळखच ब्लिस्टरवर अवलंबून आहे अशा गाड्या तेवढ्या बंद राहू द्याव्यात, आणि त्यांची संख्या आपल्या कोरड्या जागेइतकीच ठेवावी. कॅबिनेटमध्ये वीस मावत असतील तर एकविसावी घेताना एक उघडावी. माझ्याकडे आज सव्वातीनशे गाड्या आहेत आणि कार्डावर केवळ चौदा.

उघडताना कार्ड फाडायची गरज नसते. धारदार पात्याने ब्लिस्टरची फक्त खालची कड कापावी, गाडी सरकवून काढावी, नंतर उरलेले प्लास्टिक पुठ्ठ्यालगत हळूहळू कापून टाकावे. चित्रासकट सपाट राहिलेले कार्ड पॉलिप्रोपिलीनच्या खिशांच्या फाइलमध्ये घालता येते. शंभर कार्डांची फाइल चार बोटे जाडीची होते आणि ती त्या वीस लिटरच्या डब्यात, जेलच्या पुरचुंडीशेजारी, आडवी मावते.