हार्ड डिस्कचा अडॅप्टर हवाय? तपकीर गल्लीत जा, पण डिस्क बरोबर न्या

मी पुस्तकांची डीटीपीची, म्हणजे संगणकावर पानं लावायची कामं करते. पुण्यात नारायण पेठेतली जागा सोडून सगळं सामान धायरीला आणलं, त्या हलवाहलवीत मोठ्या हार्ड डिस्कचा अडॅप्टर कुठेतरी गेला. डिस्क आहे, यूएसबीची केबल आहे, नेमका भिंतीत लावायचा ठोकळा नाही. डिस्कवर जुन्या पुस्तकांच्या फायली आहेत, पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमधल्या, श्रीलिपीच्या मराठी फाँटात बसवलेल्या. 'दुसरी आवृत्ती काढतोय' असा प्रकाशकाचा फोन आला की त्याच फायली लागतात. त्या उघडल्या नाहीत तर सगळं पुस्तक पुन्हा टाइप करायचं आणि पुन्हा प्रुफं वाचायची. म्हणून तीनशे वीस रुपयांच्या वस्तूबद्दल एवढं सविस्तर लिहितेय.

खिशात मावणाऱ्या अडीच इंची डिस्कला अडॅप्टर लागतच नाही, ती यूएसबीतूनच 5 व्होल्ट घेते. टेबलावर ठेवायच्या साडेतीन इंची डिस्कच्या मोटरला 12 व्होल्ट लागतात, ते यूएसबीच्या नेहमीच्या पोर्टातून मिळत नाहीत. माझी डिस्क सीगेटची, 4 टीबीची. तिच्या तळाशी बारीक अक्षरांत 12 व्होल्ट, 1.5 अँपिअर असं छापलेलं आहे.

आधी घराजवळच्याच एका दुकानात गेले. 'मॅडम, बारा व्होल्टचाच आहे, चालेल' म्हणत त्यांनी राउटरचा अडॅप्टर हातात ठेवला. तो 1 अँपिअरचा होता. डिस्कचा दिवा लागायचा, आतून फिरायला लागल्याचा आवाज यायचा आणि टक् करून सगळं बंद. पुन्हा तेच. चकती थांबलेली असते तेव्हा तिला वेग द्यायला मोटर सगळ्यात जास्त करंट ओढते, आणि अडॅप्टर तिथेच दम सोडतो. तो आवाज ऐकून माझ्या पोटात गोळा आला. लगेच पिन उपसली.

मग बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठली. वायर, स्विच, दिव्यांच्या माळा, सीसीटीव्हीचं सामान, सोल्डरिंगच्या वस्तू, सगळं तिथे एकाला एक लागून आहे. मी ज्यांच्याकडून घेतला त्या काकांचं दुकान जिन्याखाली, दोन माणसं उभी राहिली की भरलं. तुमचं नाव लिहू का, असं विचारलं तर म्हणाले, 'नको ताई, मी एकटाच असतो.' त्यांचा शब्द पाळते. खूण मात्र सांगते: काउंटरवर लाकडी फळीवर बसवलेला गाडीच्या इंडिकेटरचा बल्ब दिसेल.

मी अडॅप्टर मागितला तर त्यांनी अडॅप्टरला हातच लावला नाही. 'डिस्क आणलीय का?' हा पहिला प्रश्न. मी पिशवीतून काढून दिली. चष्मा कपाळावरून खाली घेऊन त्यांनी तळाचं छापील वाचलं, मग मला दाखवत समजावलं. व्होल्ट बरोब्बर तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कारण डिस्क हवा तेवढाच करंट ओढते. कमी मात्र चालत नाहीत. मधे टिंब, भोवती अर्धगोल आणि बाजूंना अधिक-उणे असं चिन्ह असतं, त्यात अधिकची रेघ मधल्या टिंबाला जोडलेली असेल तर पिनच्या आतला भाग पॉझिटिव्ह. माझ्या डिस्कचं तसंच होतं.

पिनचंही त्यांनी दाखवलं. बाहेरून साडेपाच मिलिमीटर जाडीच्या दोन पिना दिसायला सारख्याच असतात, पण एकीचं भोक 2.1 मिलिमीटरचं, दुसरीचं 2.5 चं. डिस्कच्या खाचेतला खिळा बारीक आणि पिनचं भोक मोठं असलं तर ती बसते, पण ढिली राहते. फाइल कॉपी होत असताना टेबलाला धक्का लागला की वीज तुटते. काही लॅपटॉप चार्जरांची पिनही याच जाडीची असते, आणि ते 19 व्होल्टचे. बसली म्हणून लावली तर डिस्कचा बोर्ड जळू शकतो. हे त्यांनी दोनदा सांगितलं, मीही इथे जोर देऊन लिहितेय. काही जुन्या डिस्कना चार टाचण्यांची गोल पिन असते, तिच्यातून 12 आणि 5 व्होल्ट वेगवेगळे येतात. तिथे नुसता 12 व्होल्टचा अडॅप्टर उपयोगाचा नाही.

आता तो बल्ब. 12 व्होल्टचा, 21 वॉटचा, म्हणजे पावणेदोन अँपिअर ओढणारा. काकांनी 2 अँपिअर छापलेले दोन अडॅप्टर काढले. आधी व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर नुसता लावला, दोन्हींवर 12 च्या वर आकडा. मग अडॅप्टरवर भार टाकायला बल्ब जोडला. पहिल्याचा आकडा उतरत उतरत 10.4 वर आला आणि बल्ब पिवळट पडला. दुसऱ्याचा 11.9 वर ठाम. पहिला त्यांनी स्वतःच बाजूला सारला. 'हा एखाद्या छोट्या कॅमेऱ्याला चालेल, डिस्कला नाही देणार.' दोन्हींवर छापलेलं तेच, वजनात मात्र फरक हाताला कळत होता. घेतलेल्या अडॅप्टरवर आयएस 13252 हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि आर-ने सुरू होणारा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक आहे.

डिस्क त्यांच्याच काउंटरवर सुरू करून बघितली. आवाज चढत गेला आणि एकसारखा झाला. धायरीला आल्यावर पहिलं काम केलं ते सगळ्या फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवण्याचं. रात्रभर कॉपी चालली, एकदाही तुटली नाही. अडॅप्टर कोमट होतो, हात भाजेल असा नाही. डिस्कचा बाहेरचा डबा फोडून आतली डिस्क दुसऱ्या केसमध्ये घाला, असं मला सुचवणारे भेटले होते. तसं करण्याआधी विचारून घ्या: काही मॉडेलांत डब्यातला बोर्डच डेटा एन्क्रिप्ट करतो, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद करतो, आणि मग बाहेर काढलेली डिस्क वाचता येत नाही.

किंमत 320 रुपये. ऑनलाइन स्वस्त मिळतात, पण तिथे बल्ब लावून कोण दाखवणार? सहा महिन्यांची हमी आहे, काकांनी मार्करने अडॅप्टरच्या पाठीवर तारीख घातली. पक्कं बिल मागितल्यावर मिळालं. आपणहून दिलं असतं तर बरं वाटलं असतं. अडॅप्टरची केबल मात्र त्यांच्याकडे एकाच लांबीची होती, माझ्या टेबलाला ती अपुरी पडते. डेटा रिकव्हरी ते करत नाहीत आणि तसं स्पष्ट सांगतात.

गाडी नेऊ नका, लावायला जागा नाही. मी स्वारगेटहून मेट्रोने मंडईला उतरले आणि चालत गेले. संध्याकाळी गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या गेलात तर काकांना नीट तपासून द्यायला वेळ असतो.