पाचारण शिबिर : चिठ्ठ्यांचा तास उत्तम, पाठपुरावा कच्चा

वसईतल्या एका धर्मग्रामाने (एका चर्चच्या हद्दीतल्या कॅथलिक समाजाने) उन्हाळी सुट्टीत भरवलेल्या निवासी पाचारण शिबिराचं, म्हणजे धर्मगुरू व्हावंसं वाटणाऱ्या मुलांच्या शिबिराचं, हे परीक्षण. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार, नववी ते बारावीचे मुलगे, शुल्क 200 रुपये. मुलाला पाठवावं की नाही या विचारात असलेल्या पालकांसाठी, आणि असंच काही करू पाहणाऱ्या पाचारण समित्यांसाठीही.

सगळ्यात चांगला झाला तो शनिवार दुपारचा तास. फादरांना बाहेर ठेवून सेमिनरीत धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेणारे दोन ब्रदर मुलांसमोर बसले आणि प्रश्न बिननावाच्या चिठ्ठ्यांवर मागवले. घरी कधी सोडतात? पगार किती? एखादी मुलगी आवडली तर? अर्ध्यात सोडलं तर लोक काय म्हणतील? एकही चिठ्ठी बाजूला काढली गेली नाही. धर्मप्रांतीय धर्मगुरू (कुठल्या संघाचा नसून बिशपांच्या हाताखाली काम करणारा) ब्रह्मचर्य स्वीकारतो, बिशपांच्या आज्ञेत राहण्याचं वचन देतो, पण गरिबीचं व्रत घेत नाही. जेझुइट किंवा फ्रान्सिस्कन अशा संघांतले गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तिन्ही व्रतं घेतात. हा फरक व्याख्यानात दोनदा सांगूनही डोक्यात शिरला नव्हता, तो इथे पगाराच्या प्रश्नातून शिरला.

पोस्टरवर मात्र संत गोन्सालो गार्सिया. वसईचा सुपुत्र, 1597 साली नागासाकीत हुतात्मा, 1862 मध्ये संतपद, सगळं खरं. पण तो फ्रान्सिस्कन बंधू होता, धर्मगुरू नव्हे! चित्र लावायला हरकत नाही, फक्त मुलांना ते सांगायला हवं होतं.

धर्मगुरू होण्याचे टप्पे दाखवणारा भिंतीवरचा तक्ता उपयोगी होता. पूर्वतयारीचं एक वर्ष, फार तर दोन (रोमच्या 2016च्या मार्गदर्शिकेप्रमाणे). मग तत्त्वज्ञान किमान दोन वर्षं आणि ईशज्ञान (थिऑलॉजी) चार. बऱ्याच ठिकाणी मध्ये एक वर्ष धर्मग्रामात काम. डीकन (धर्मगुरूच्या आधीची पायरी) व्हायला वयाची 23 वर्षं पूर्ण हवीत, गुरुदीक्षेला 25, आणि या दोन टप्प्यांत कमीत कमी सहा महिन्यांचं अंतर. तक्त्यात भाषेचा रकाना नव्हता, तो हवा होता. गोरेगावच्या सेंट पायस कॉलेजात, म्हणजे सेमिनरीत, शिक्षण इंग्रजीत चालतं. घरी सामवेदी किंवा वाडवळी बोली, शाळेत आणि मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) मराठी, अशा मुलाला थेट इंग्रजीतून तत्त्वज्ञान झेपवायचं असतं. तलासरी-डहाणूकडून येणाऱ्या वारली मुलासाठी तर ही आणखी एक भाषा. अकरावीपासून आठवड्याला दोन तास इंग्रजी वाचन-लेखन करून घेतलं, तर ती भीती बरीच कमी होते.

आता मोठी चूक. शनिवारी रात्री आराधनेनंतर व्यासपीठावरून विचारलं गेलं, "कोणाकोणाला फादर व्हायचंय? हात वर करा." हे करूच नये. लाजरा मुलगा मित्रांसमोर हात वर करत नाही, आणि जो करतो त्याला गावभर "काय फादर" म्हणून हाका सुरू होतात. मग मन बदललं तरी मागे फिरणं अवघड. कॅथलिक चर्चच्या धर्मसंहितेचं 1026वं कलम दोन्ही बाजूंनी बजावतं: दीक्षेसाठी कोणावर कसलीही सक्ती नको, आणि पात्र माणसाला कोणी अडवायचंही नाही. विचारायचंच तर शेवटच्या दिवशी, एकेकट्याला, एका पानाच्या मराठी फॉर्मवर. इथे चार पानी इंग्रजी फॉर्म पहिल्याच संध्याकाळी भरून घेतला. "तुम्हाला धर्मगुरू का व्हायचे आहे?" या रकान्यात अर्ध्या मुलांनी शेजाऱ्याचं वाक्य उतरवलं.

तारीखही चुकली. सीईटीच्या दिवसांत शिबिर ठेवल्यामुळे बारावीची मुलं जवळजवळ आलीच नाहीत, आणि निर्णयाच्या सगळ्यात जवळ असतात ती हीच. दिवाळीची सुट्टी बरी.

पालकांचा तास रविवारी मिस्सानंतर होता. आया आल्या, बहुतेक बाप बाहेर मोटारसायकलींपाशी. एकुलता एक मुलगा आहे, म्हातारपणी कोण बघणार, हा प्रश्न आला आणि "देव बघेल" एवढ्यावर मिटवला गेला. हल्ली घरात एक-दोनच मुलं, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी येणारच. धर्मप्रांतीय फादर घरी येऊ-जाऊ शकतो, आईवडिलांच्या आजारपणात रजा मागू शकतो, वडिलोपार्जित वाटा त्याच्या नावावर राहू शकतो, हे सरळ सांगितलं असतं तर निम्म्या शंका तिथेच मिटल्या असत्या.

कागदपत्रांची यादी दिली हे बरं केलं: बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे दाखले, आईवडिलांच्या चर्चमधल्या लग्नाचा दाखला, प्रमुख धर्मगुरूंचं पत्र, वैद्यकीय तपासणी; आधी दुसऱ्या सेमिनरीत किंवा संघात राहिला असेल तर तिथलं पत्र. नेहमी अडतं ते नावावर. चर्चच्या वहीत एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, दहावीच्या गुणपत्रिकेवर तिसरं. हे दहावीचा फॉर्म भरण्याआधी जुळवून घ्या, नंतर दुरुस्तीला महिने जातात.

आणि पाठपुरावा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला, आठवड्याभरात त्यात फुलांसकट 'शुभ सकाळ' सुरू झालं, संपलं. मुलाची ओढ खरी की शिबिराची हवा, हे पुढच्या तीन-चार महिन्यांत कळतं. म्हणून एकाच माणसाकडे यादी हवी, पंधरा दिवसांत पहिला फोन हवा, तोही पालकांच्या नंबरवर, आणि महिन्यातून एक भेट. मुलं अल्पवयीन असतात. भेट उघड्या दाराच्या खोलीत आणि दुसरा मोठा माणूस जवळपास असतानाच व्हावी. सहा-सात मुलांमागे एक ब्रदर पुरतो. चाळीसजणांना एकट्या फादरांनी सांभाळणं होत नाही, त्यांच्यामागे मिस्सा, मयती, शाळा सगळं असतंच.

दहावी-बारावीच्या मुलाला जरूर पाठवा. नववीच्याला घाई नाही. जेवण साधं पण भरपूर, रविवारी मटण. हॉलमध्ये पंखे कमी आणि डास फार, चादर आणि ओडोमास घरून द्या.