रोबोला शिकवायचं कसं: आभासी सराव की हात धरून?

२०१९ मध्ये ओपनएआय कंपनीच्या रोबोटिक हाताने एकहाती रुबिक्स क्यूब सोडवला. सराव सगळा संगणकातल्या आभासी जगात, सुमारे १३ हजार वर्षांइतका! तिथे क्यूबचा आकार, घर्षण मुद्दाम बदलत ठेवलं, म्हणून खऱ्या जगात हात कमी गडबडला. पडझडीचा खर्च शून्य. रोबोला चालायला शिकवायचं तर मला हीच वाट पटते.

स्वयंपाकघरात मात्र ती तोकडी पडते. तव्यावर आक्रसणारी कोळंबी संगणकात हुबेहूब उतरवणं महाकठीण. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मोबाइल अलोहा या रोबोने २०२४ मध्ये दुसरा रस्ता दाखवला: माणसाने यंत्राचे दोन्ही हात स्वतः चालवायचे, यंत्राने तेच गिरवायचं. बऱ्याच कामांना ५० प्रात्यक्षिकं पुरली. कोळंबी मात्र अनेकदा फसली, आणि नव्या कामाला पुन्हा माणूस लागतोच.