एसीएम डिजिटल लायब्ररी: डिझाइन रिसर्च करत असाल तर इथे ठाण मांडून बसा

डिझाइन, टेक्नॉलॉजी आणि ती वापरणारी माणसं यावर रिसर्च करत असाल, मास्टर्सचा थिसिस असो नाहीतर पीएचडी, तर एसीएमची, म्हणजे कॉम्प्युटर क्षेत्रातल्या लोकांच्या जगभरच्या संघटनेची, डिजिटल लायब्ररी टाळून चालणारच नाही. सीएचआय, डीआयएस, सीएससीडब्ल्यू, टीईआय या माणूस आणि टेक्नॉलॉजी यांच्या नात्यावरच्या सगळ्या कॉन्फरन्सचे पेपर तिथेच, एसीएमचं इंटरॅक्शन्स मॅगझिनही तिथेच. इतकी वर्षं घोडं एकाच ठिकाणी अडायचं, कॉलेजचं सबस्क्रिप्शन असेल तर ठीक, नाहीतर ॲब्स्ट्रॅक्ट वाचा आणि पीडीएफच्या बटणापाशी थांबा. मग २०२२ मध्ये त्यांनी १९५१ ते २००० मधलं जुनं सगळं खुलं केलं आणि जानेवारी २०२६ पासून उरलेलंही खुलं झालं. म्हणजे कॉलेज सोडून नोकरीला लागलेला डिझायनर, एखाद्या संस्थेसाठी फील्डवर्क करणारी मुलगी, कुठलीच संस्था पाठीशी नसलेला माणूस, कुणीही अख्खा पेपर वाचू शकतं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते, कारण ज्या लोकांच्या घरात जाऊन, त्यांचा वेळ घेऊन हा रिसर्च होतो त्यांनाच तो वाचता येऊ नये हे मला कधीच पटलं नाही.

वापरायची माझी पद्धत सांगते. सर्च बॉक्समध्ये मी फार रमत नाही. एक चांगला पेपर हाती लागला की त्याच्या पानावरून मागे रेफरन्सेसमध्ये जायचं आणि पुढे त्याला कोणी कोणी साइट केलंय, म्हणजे त्याचा हवाला दिलाय, तिकडे जायचं, आणि या फिरण्यात ही लायब्ररी खरंच सुंदर चालते, कारण या क्षेत्रातलं बरंचसं भांडण एकाच छताखाली झालंय.

उदाहरण म्हणून कल्चरल प्रोब्स ही पद्धत घ्या. १९९९ मध्ये बिल गेव्हर, टोनी डन आणि एलेना पाचेंटी यांनी इंटरॅक्शन्समध्ये छोटासा लेख लिहिला, ऑस्लो, ॲमस्टरडॅमजवळचं बाइल्मर आणि इटलीतलं पेचोली इथल्या वयस्कर लोकांना पोस्टकार्डं, नकाशे, डिस्पोजेबल कॅमेरा असं एक पाकीट दिलं आणि जसं जमेल तसं भरून पाठवा म्हणून सांगितलं. हेतू डेटा गोळा करायचा नव्हताच, त्या लोकांच्या जगण्याची झलक मिळून डिझायनरला काहीतरी सुचावं एवढाच. मग काय झालं, पद्धत इतकी आवडली की जो तो प्रोब्स वापरायला लागला, आलेल्या उत्तरांचे तक्ते करायला लागला, सरासरी काढायला लागला. २००४ मध्ये गेव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच मॅगझिनमध्ये परत लिहिलं की अनिश्चितता हीच तर यातली किंमत आहे, ती पुसू नका. आणि २००७ च्या सीएचआयला बोनर, व्हर्टेसी, सेंगर्स आणि डूरिश यांचा पेपर आला ज्यात या सगळ्या वापराचाच पंचनामा आहे, कोणी प्रोब्सचा काय अर्थ लावला आणि त्यात मूळचं काय हरवलं. हे तीन एका बैठकीत एकामागोमाग एक वाचा. मेथडॉलॉजीच्या लेक्चरमध्ये प्रोब्स म्हणजे एक टूल म्हणून शिकवतात, पण इथे त्या टूलमागचा वाद दिसतो, माणसं एकमेकांना उत्तरं देताना दिसतात, आणि मग आपल्या थिसिसमध्ये प्रोब्स हा शब्द टाकताना जबाबदारी जाणवते.

असंच रिसर्च थ्रू डिझाइनचं, म्हणजे डिझाइन करता करताच होणाऱ्या रिसर्चचं. झिमरमन, फोर्लिझी आणि इव्हनसन यांचा २००७ चा पेपर उघडा, डिझाइन करणं हाच रिसर्च असेल तर तो चांगला की वाईट कसं ठरवायचं, त्यासाठी प्रोसेस, इन्व्हेन्शन, रेलेव्हन्स आणि एक्स्टेन्सिबिलिटी (दुसऱ्यांना ते काम पुढे नेता येणं) असे चार निकष त्यांनी दिलेत. मग गेव्हरचा २०१२ चा पेपर उघडा, जो म्हणतो की जास्त नियम लावू नका, डिझाइनमधून येणारी थिअरी तात्पुरतीच असते आणि तशीच असू द्या. ज्यांचे गाइड म्हणतात की प्रोटोटाइप केलास हे ठीक आहे पण रिसर्च कुठाय, त्यांनी हे दोन्ही पेपर प्रिंट काढून जवळ ठेवावेत.

पण इथेच लायब्ररीची मर्यादाही कळते. रिसर्च थ्रू डिझाइन ही कल्पना ज्यांच्यापर्यंत मागे नेतात त्या ख्रिस्टोफर फ्रेलिंग यांचं १९९३ चं लिखाण रॉयल कॉलेज ऑफ आर्टचं आहे, ते इथे नाही. डिझाइन स्टडीज हे जर्नल नाही, डिझाइन इश्यूजही नाही. इथे डिझाइन दिसतं ते कॉम्प्युटरच्या बाजूने, त्यामुळे फक्त इथेच वाचत राहिलात तर डिझाइनचा सगळा विचार स्क्रीन आणि सेन्सरभोवतीच फिरतो असा समज होऊन बसेल. डिझाइन रिसर्च सोसायटीची डिजिटल लायब्ररी आणि इंटरनॅशनल जर्नल ऑफ डिझाइन, दोन्ही फुकट आहेत, ती जोडीला ठेवाच.

एसीएमच्या लायब्ररीतल्या जुन्या अंकांचं स्कॅनिंग यथातथा आहे, वाचता येतं पण कॉपी करायला गेलं की कधीकधी अक्षरं तुटतात. नवीन पेपरना एचटीएमएल व्ह्यू असतो, फोनवर वाचायला आणि स्क्रीन रीडरवाल्यांना त्याचा फार उपयोग, शिवाय बऱ्याच पेपरसोबत व्हिडिओ असतो, इंटरॅक्शनचा पेपर नुसता वाचून अर्धाच कळतो म्हणून तो आधी बघून घ्यावा. सायटेशनचा आकडा गुगल स्कॉलरपेक्षा कमी दिसतो, त्यावरून पेपरचं वजन ठरवू नका.

मला मनापासून खटकलेली गोष्ट म्हणजे प्रीमियम, लायब्ररीची पैसे भरून मिळणारी आवृत्ती. पेपर सगळ्यांना खुले, पण ॲडव्हान्स्ड सर्च आणि एकदम भरपूर डाउनलोड यासारख्या सोयी पैसे भरणाऱ्यांसाठी. एकेक पेपर वाचणाऱ्याला याने काही फरक पडत नाही, पण सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, म्हणजे एका विषयावरचे सगळे पेपर ठरावीक पद्धतीने शोधून आढावा, करायचा तर नेमकी क्वेरी लिहावी लागते, तीच क्वेरी दुसऱ्याने चालवली तर तेच पेपर निघाले पाहिजेत, आणि तिथे साधा सर्च बॉक्स पुरत नाही. म्हणजे संस्था नसलेला माणूस वाचू शकतो पण पद्धतशीर रिव्ह्यू करताना त्याचे हात बांधलेले, आणि खुलेपणाचा एवढा मोठा निर्णय घेतल्यावर हे एवढं तरी सोडायला हवं होतं.

वाचणं फुकट झालं म्हणजे खर्च नाहीसा झाला असंही नाही, तो आता छापण्याच्या बाजूला गेलाय. तुमची संस्था एसीएम ओपनमध्ये, म्हणजे संस्थेने एकत्र पैसे भरायच्या योजनेत, असेल तर तुम्हाला वेगळं काही भरावं लागत नाही, नसेल तर लेखकाच्या नावावर फी येते, कमी उत्पन्नाच्या देशांतल्या लेखकांना सूट आहे. विद्यार्थ्यांनी हे पेपर सबमिट करायच्या आधीच लायब्ररीयनला विचारून घ्यावं, सहलेखक दुसऱ्या संस्थेतला असेल तर करस्पॉन्डिंग ऑथर, म्हणजे पेपरबद्दलचा पत्रव्यवहार बघणारा लेखक, कोण राहणार हेही तेव्हाच ठरवावं, कारण फी लागणार की नाही ते त्याच्या संस्थेवरून ठरतं.